सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक
घोडबंदर रोडला राहतो. पावसाळ्यात गाडी सकाळी उठेचना. बॅटरीच्या टर्मिनलवरची (वायर जोडतात त्या टोकांवरची) पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, दोनदा शेजारच्या काकांच्या गाडीवरून जम्पर लावला. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. डोकं फिरलं.

मग बॅटरी फुल चार्ज करून आणली आणि दुसऱ्या सकाळी मल्टीमीटर लावला: १२.१ व्होल्ट, हवेत १२.६. सेल्फ मारताना ८.४, ९.६च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक, बॅटरीच गेली. गाडीसोबत आलेली बॅटरी साडेचार वर्षं चालली, आपल्या उकाड्यात तक्रार नाही.

नवी तेवढ्याच अँपिअर-अवरची, म्हणजे तेवढ्याच क्षमतेची, बनवल्याची तारीख बघून घेतली. काढताना आधी काळी वायर, मग लाल. लावताना आधी लाल, काळी शेवटी. टर्मिनलला व्हॅसलिन. जुनी दुकानातच दिली, तेवढे पैसे वजा. गाडीतलं घड्याळ मात्र परत लावावं लागलं.