जर्मनीतल्या घरात हिवाळ्यात काचेवर पाणी, भिंतीला काळी बुरशी: माझा अनुभव
म्युनिकमधला आमचा पहिला हिवाळा. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायचं आणि बेडरूममध्ये कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके. पुसले, परत आले. खिडकी दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवली तर उलट वाढले, कारण त्याने हवा फारशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते. जीव मेटाकुटीला आला.

उपयोग झाला तो असा. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) आणला, आर्द्रता ७० टक्के. कपाट भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे ओढलं. खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून ठिपके ७० टक्के अल्कोहोलने पुसले. त्या वेळी जवळ ज्योत अजिबात नको. मग रोज उठल्याबरोबर हीटरचा नॉब बंद, समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघड्या, त्या लावून नॉब पुन्हा ३ वर (म्हणजे साधारण २० अंश). हेच संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी. बेडरूमचा हीटर एरवी पूर्ण बंद ठेवायचा नाही. कुकर लावला की स्वयंपाकघराचं दार लावून तिथली खिडकी उघडायची, नाहीतर सगळी वाफ बेडरूममध्ये शिरते. कपडे तळघरातल्या वाळवणीच्या खोलीत.

आता आर्द्रता ५० च्या आसपास, काच कोरडी. बुरशी अर्ध्या चौरस मीटरहून जास्त पसरली असेल तर स्वतः हात लावू नका; फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा.