मर्सेड काऊंटीची लिस्ट वाढवायला निघण्याआधी

येत्या गुरुवारी आम्ही चौघं पक्षी बघायला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून मर्सेड काऊंटीत (काऊंटी म्हणजे जिल्हा) चाललोय, एका दिवसाचीच ट्रिप आहे पण तयारी आत्तापासूनच सुरू केलीय, कारण काऊंटी लिस्ट, म्हणजे त्या काऊंटीत आपण बघितलेल्या पक्ष्यांची यादी, वाढवायची तर नुसतं भटकून भागत नाही, आपलं काय बघायचं राहिलंय ते आधी माहीत पाहिजे. वार मुद्दाम गुरुवार धरला. बदकांच्या शिकारीच्या सीझनमधे तिकडच्या पाणथळ जागांवर शिकारीचे वार सहसा बुधवार, शनिवार, रविवार असतात आणि बंदुका वाजल्या की पक्षी लांब जाऊन बसतात.

पहिलं काम घरबसल्याचं. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची साइट आणि ॲप) मर्सेड काऊंटी आणि डिसेंबर महिना टाकून टार्गेट स्पीशीज, म्हणजे आपले बघायचे राहिलेले पक्षी, काढायचे, त्यातली वरची दहा नावं कागदावर लिहायची आणि प्रत्येकापुढे जागा. माझी लिस्ट ८७ वर अडकलीय, त्यात रॉस गूज नाही, बरोइंग आऊल नाही, फेरुजिनस हॉकसुद्धा नाही, आणि हे तिन्ही हिवाळ्यात तिथे दिसू शकतात. ईबर्ड आणि मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचे पॅक घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवायचे, मॅप पण ऑफलाइन, शेतांच्या मधल्या रस्त्यांवर रेंजचा भरवसा धरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काऊंटीची हद्द. गिलरॉयवरून हायवे १५२ ने पाचेको पास चढलात की माथ्यावर सांता क्लारा काऊंटी संपते आणि मर्सेड सुरू होते. मागच्या वर्षी मी हद्दीच्या अलीकडेच चेकलिस्ट (ईबर्डवरची त्या फेरीतल्या पक्ष्यांची नोंद) चालू केली आणि बंद करायची राहून गेली. घाटात खांबावर गोल्डन ईगल बसलेला, मान वळवली तेव्हा मानेवरची सोनेरी पिसं उन्हात चमकली, तो मोजला, आणि घरी येऊन बघते तर अख्खी चेकलिस्ट सांता क्लारात पडलेली. खांब हद्दीच्या कुठल्या बाजूला होता ते आमच्यातल्या कुणालाच छातीठोक सांगता येईना, म्हणून तो ईगल मी मर्सेडच्या लिस्टमधे धरला नाही, अजूनही धरलेला नाही. तर यावेळी गाडी न चालवणाऱ्या एकाकडे हे एकच काम: घाट चढायच्या आधी चेकलिस्ट बंद, उतरल्यावर नवीन चालू, आणि एक चेकलिस्ट शक्यतो ५ मैलांच्या आत. येलो-बिल्ड मॅगपाय हद्दीच्या अलीकडेच ओकच्या झाडांत दिसला तर तो सांता क्लाराचा, आणि आनंद तेवढाच, कारण हा पक्षी कॅलिफोर्निया सोडून जगात कुठेच नाही.

धुक्याचं हलक्यात घेऊ नका. पाऊस पडून गेला आणि रात्री वारा पडला की सेंट्रल व्हॅलीत जमिनीलगत टूली फॉग धरतो, पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत इतका दाट. निघायच्या आधी वेदर बघायचं आणि वॉर्निंग असेल तर सँटा नेलाला थांबून चहा प्यायचा, नऊ-दहाला ऊन वर आलं की मग पुढे. एखादा पक्षी हुकला तर हुकला. पेट्रोलही तिथेच किंवा लॉस बॅनोसला फुल करा, रेफ्यूजवर, म्हणजे पक्ष्यांच्या अभयारण्यात, काही मिळत नाही. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या, बास.

मर्सेड रेफ्यूजचा ऑटो टूर, म्हणजे गाडीतून फिरायचा रस्ता, ५ मैलांचा आहे, ठरवून दिलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही, गाडी हेच आपलं लपण. त्यामुळे दुर्बिणी मांडीवर, स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) डिकीत न ठेवता मागच्या सीटवर, आणि खिडकीवर लेन्स टेकवायला बीन बॅग, मी जुन्या जीन्सच्या पायात दोन किलो तांदूळ भरून शिवलीय, मस्त बसते. थांबलात की इंजिन बंद, नाहीतर सगळं थरथरतं. पांढऱ्या हंसांचा थवा दिसला की घाई नको, हजार स्नो गूजमधे रॉस शोधायचा तर एकेकाची चोच बघा: स्नोची चोच लांब आणि तिच्या कडेला काळी फट, हसल्यासारखी, रॉसची आखूड आणि ती फट नाही, डोकंही गोल आणि अंग लहान. सावकाश मोजा, फोटो काढा, डिस्क्रिप्शन तिथल्या तिथे टाइप करा.

आणि जॅकेट, हातमोजे, कानटोपी घ्याच, कारण संध्याकाळ सोडायची नाहीये. माझं माहेर गोंदियाचं, धानाच्या बांधीत सारस बघितला तो कायम जोडीने, फार तर सोबत पिल्लू. त्याच कुळातले सँडहिल क्रेन इथे हजारोंनी येतात आणि अंधार पडायच्या वेळी रांगा करून उथळ पाण्यात उतरतात, पाय खाली सोडून, ओरडत, आणि तो आवाज पक्षी दिसायच्या कितीतरी आधी येतो. काऊंटी लिस्टमधे त्यांचा टिक आधीच आहे, तरी दरवेळी थांबतेच. सूर्यास्त पावणेपाचच्या आसपास आहे, रेफ्यूज त्यानंतर अर्ध्या तासाने बंद होतं, म्हणून चार वाजता फिरणं थांबवून पक्षी बघायच्या डेकवर उभं राहायचं आणि पाच वाजता गाडीत बसायचं. परतीला ड्रायव्हर बदलायचा, मी सकाळी चालवीन.