‘सोबर अप’ कसं वापरायचं?

मराठी बोलताना आपण ‘सोबर’ म्हणतो ते फिक्या रंगाला, साध्या कपड्यांना. ‘सोबर अप’ शिकताना आधी तो अर्थ बाजूला ठेवा. इथे ‘सोबर’ म्हणजे नशेत नसलेला, आणि ‘सोबर अप’ म्हणजे चढलेली उतरणं.

आता कर्ता बघा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. मराठीत उतरते ती दारू: ‘सकाळपर्यंत त्याची उतरली.’ इंग्रजीत कर्ता माणूस असतो: ‘ही सोबर्ड अप बाय मॉर्निंग.’ मराठी वाक्य मनात ठेवून ‘हिज ड्रिंक सोबर्ड अप’ असं जुळवलंत, तर ते साफ चुकतं.

आपल्याकडे ‘उतरणं’ आणि ‘उतरवणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजी दोन्हीकडे ‘सोबर अप’च वापरते. दुसऱ्याची उतरवायची असेल, तर ‘हिम’, ‘हर’ अशी सर्वनामं मधोमध बसवा: ‘वी सोबर्ड हिम अप.’ ‘सोबर्ड अप हिम’ कधीच म्हणू नका.

नशेचा संबंध नसतानाही हा शब्द येतो. हसतखेळत बसलेल्यांना वाईट बातमी कळते आणि सगळे एकदम गंभीर होतात: ‘द न्यूज सोबर्ड देम अप.’ या अर्थाने ‘अप’ गाळलं तरी चालतं. मराठीत इथे ‘भानावर आणलं’ चपखल बसतं.

एका बाबतीत मात्र जपून बोला. ‘शी हॅज बीन सोबर फॉर 3 इयर्स’ म्हणजे तिने तीन वर्षं दारूला हात लावलेला नाही. हे मोठ्या कष्टाने कमावलेलं असतं. अशा व्यक्तीला ‘हॅव यू सोबर्ड अप?’ विचारलंत, तर ‘उतरली का?’ असं विचारल्यासारखं होईल आणि ते जिव्हारी लागेल. तिथे नुसतं ‘सोबर’ म्हणा.

सरावासाठी पुष्कळांना सुचणारं वाक्य म्हणजे ‘कॉफी विल सोबर यू अप.’ व्याकरण बरोबर, माहिती चूक. कॉफीने झोप उडते, पण रक्तातली दारू कमी होत नाही. तिचं रक्तातलं प्रमाण यकृत आपल्या गतीने, तासाला साधारण 0.015 टक्के इतकंच उतरवतं. म्हणून गाडीची किल्ली मागणाऱ्याबद्दल ‘ही नीड्स टाइम टू सोबर अप’ हेच म्हणा.