ड्राय डॉकला पहिल्यांदा जाताय? शोअर पासचं आधी बघा

पहिल्या ड्राय डॉकला (जहाज रिपेअरसाठी कोरड्या गोदीत घेतात ते) मी ज्युनियर इंजिनियर होतो, आणि डोक्यात एकच होतं की जहाज महिनाभर एका जागी म्हणजे रोज संध्याकाळी शहरात चक्कर. तसं काहीच झालं नाही. इमिग्रेशनने शोअर पास, म्हणजे जहाजावरून शहरात जायचे परवाने, दिले ते ठराविक तारखेपर्यंतचे, रात्री ठरलेल्या वेळेच्या आत परत यायचं, आणि यार्डात (जहाज दुरुस्तीच्या आवारात) आखून दिलेल्या वाटेनेच गेटपर्यंत चालायचं. मग स्टीलचं काम वाढलं, पासची मुदत संपली, नवे पास यायला सहा दिवस गेले आणि ते सहा दिवस आम्ही जहाज ते यार्डातलं टॉयलेट एवढंच फिरलो. (डॉक कोरडा असताना सांडपाणी खाली सोडता येत नाही म्हणून जहाजावरचे टॉयलेट बहुतेक वेळा बंदच ठेवतात, हेही नवीन पोरांना कुणी आधी सांगत नाही.)

त्याच दिवसांत आमच्या एका फिटरची दाढ सुजली. पास नाही म्हणून गेटवर अडवला, कंपनीचा तिथला एजंट म्हणे उद्या बघू. शेवटी कॅप्टनने एमएलसी २००६ (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) मधली तरतूद लेखी पुढे केली, की बंदरात शक्य असेल तिथे खलाशाला डॉक्टर किंवा डेंटिस्टकडे विनाविलंब जाता आलं पाहिजे, तेव्हा कुठे वॉचमन सोबत देऊन सोडला. ही तरतूद खरंच पाठ करून ठेवा.

एवढं कडक का, तर इमिग्रेशनचे नियम खलाशाला आज आलेला आणि चार दिवसांत जाणारा माणूस धरून केलेत. १९६५ चं फाल कन्व्हेन्शनही (जहाजांची बंदरातली कागदपत्रं सोपी करणारा आंतरराष्ट्रीय करार) सांगतं की परदेशी क्रूला किनाऱ्यावर जाऊ द्या, पण आरोग्य, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणं असतील तर नाकारायची मुभा सरकारला आहेच. रिपेअरमध्ये जहाज हलत नाही आणि मग तुम्ही खलाशी की तिथे राहून काम करणारे परदेशी, असा प्रश्न उभा राहतो.

युरोपात हे फार ठळक दिसतं. विमानाने शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) उतरून रॉटरडॅमला जहाज जॉइन केलं की लगेच पासपोर्टवर एक्झिट स्टॅम्प, म्हणजे शेंगेन सोडल्याचा शिक्का, मिळेल असं क्रू धरून चालायचे, म्हणजे पुढचे दिवस मोजलेच जात नाहीत. तिथे बराच काळ बांधून असलेल्या जहाजांवरच्या क्रूचं हे प्रकरण युरोपियन कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निकाल लागला की अशा जहाजावर साइन ऑन (क्रूमध्ये नोंद) करताना स्टॅम्प नाही, जहाज लवकरच निघणार असं कॅप्टनने कळवलं की मगच. म्हणजे यार्डातले दिवससुद्धा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायच्या हिशोबात धरले जातात, आणि डॉक लांबला तर तुमचे दिवस संपू शकतात.

अमेरिकेत अजून वेगळं. क्रू व्हिसा (डी) नसेल तर गँगवेच्या, म्हणजे जहाजाच्या शिडीच्या, खाली पाय ठेवायचा नाही, असेल तरी जास्तीत जास्त २९ दिवस, आणि ड्राय डॉकमध्ये रिपेअरचं काम करायलाच जाणार असाल तर डी नाही, बी (बिझनेस) व्हिसा लागतो. ऑफिसमधल्या माणसाला हे माहीत असेलच असं समजू नका.

मी आता जॉइनिंगचा फोन आला की आधीच विचारतो की जहाज डॉकला जाणार आहे का, कुठल्या देशात, किती दिवस, आणि माझा व्हिसा त्यासाठी चालतो का, हे ईमेलवर लेखी घेतो. जहाजावर पोचल्यावर पासची शेवटची तारीख डायरीत लिहितो आणि दहा दिवस आधीपासून चीफ ऑफिसरच्या मागे लागतो की एजंटला सांगा मुदत वाढवायला, कारण यार्ड म्हणालं वेळेत काम होईल तरी ते बहुतेक वेळा होत नाही. पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं ओळख आणि नोकरीचं पुस्तक) एजंटकडे जाते तेव्हा दोन्हीचे फोटो मोबाईलमध्ये हवेतच, गेटवर अडवलं की दाखवायला तेवढंच हातात असतं.