गाडी गरम होतेय? नुसतं पाणी ओतत बसू नका

मे महिन्यात खंबाटकी घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. एका वर्षी त्यात माझीही होती. काटा लाल पट्ट्यात, बोनेटखालून वाफ, आणि मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघालेलो. शेजारच्या ट्रकवाल्या काकांनी मनगटच धरलं. "भाजून घ्यायचंय का? अर्धा तास बस गप."

झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की तेच उसळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. काटा चढायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते. तरी काटा उतरेना, तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

पाणी भरून तात्पुरतं भागतं, दुखणं तसंच राहतं. गाडी गरम नेमकी कधी होते, ते बघा. सिग्नलला तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? मग आधी फॅन तपासा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा फॅनची मोटर. उलट, शहरात ठीक आणि घाटात किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाही किंवा वॉटर पंप दमलाय.

रेडिएटर चोंदण्यात आपलाच हात असतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरायचं, मग आत क्षार धरणारच. तयार कूलंट वापरा, नाहीतर घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं कालवून वापरा.

"थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको," असं सुचवणारे मेकॅनिक अजून भेटतात. ऐकू नका. त्याशिवाय इंजिन वेळेत गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. नवा भाग फार महागही नसतो.

कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली थेंबही नाही? ऑइलचं झाकण उघडून आत बघा. तिथे दुधाळ, सायीसारखा थर असेल किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेल्याची दाट शंका घ्या. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.