सायकलच्या डिस्क ब्रेकचा झिजलेला बोल्ट असा काढा

भावांनो, पन्हाळ्याच्या घाटात ब्रेकशिवाय उतरायचं नसतं, त्यामुळं रोटरच्या (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीच्या) सहापैकी एका बोल्टचं डोकं झिजलं तरी तसंच चालवू नका. बोल्ट गंजलेलाच असतो असं नाही, आट्यांवरचा निळा लॉकटाइट (बोल्ट घट्ट धरणारा गोंद) त्याला धरून ठेवतो आणि तो गरम केला की सैल पडतो, म्हणून चाक काढून सोल्डरिंग आयर्नचं टोक बोल्टच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवा, गॅस टॉर्च नको, हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, ग्रीस वितळतं. मग टी२५ मापाच्या चांदणीसारख्या खाचेत थोडा मोठा टी२७ बिट हातोडीनं ठोकून बसवा, खाली दाबूनच हळू फिरवा, कट्ट करून सुटतो. नाहीच सुटला तर डोक्यावर आडवी खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हर. तेल मात्र रोटरवर अजिबात मारू नका, पॅड वाया जातात. नवीन एम५ (५ मिमी जाडीचे) बोल्टच लावा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगले बिट मिळतात.