महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या स्पोर्ट्स गाडीचं मिसिंग कसं शोधावं

दसरा आठवड्यावर आला की माझ्या पुण्यातल्या, वारज्याच्या गॅरेजचा फोन वाजायला लागतो. पावसाळाभर सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कव्हरखाली असलेली दोन सीटर गाडी पूजेसाठी बाहेर काढलेली असते. सेल्फ मारला की इंजिन थरथरतं, सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ आवाज येतो आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. यालाच आम्ही मिसिंग म्हणतो: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही. पुढचा प्रश्नही बहुतेक वेळा ठरलेला: "सगळे प्लग आणि कॉइल मागवून टाकू का?"

मागवू नका. प्लग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो आणि कॉइल त्याला वीज पुरवते, पण दोष त्यांचाच असेल असं नाही. रोज पळणाऱ्या गाडीत वस्तू झिजतात, उभ्या गाडीत वेगळ्याच गोष्टी बिघडतात. बॅटरी उतरते, पेट्रोल शिळं होतं, ओल धरते, उंदीर-घुशी वायर खातात. यातलं बरंचसं पार्ट न बदलता सुटतं. आणि पार्ट बदलायचाच असेल, तर तोच खराब आहे हे आधी सिद्ध करता येतं. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे पार्ट परदेशातून येतात, महाग असतात आणि वाट बघायला लावतात, म्हणून हा क्रम मी कधीच सोडत नाही.

सगळ्यात आधी दिव्याकडे बघा. स्थिर पिवळा दिवा असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा उघडझाप करत असेल तर गाडी तिथेच बंद करा. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. "चांदणी चौकापर्यंत नेऊन बघतो, मोकळी होईल" असं म्हणून रेस देणाऱ्यांचं कन्व्हर्टर गेलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यापुढे कॉइलचा खर्च काहीच नसतो.

आता मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली. सेल्फ मारताना आकडा १०च्या खाली घसरला तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग बाकीचं. व्होल्टेज कमी असलं की कॉइल पुरती भरत नाही, ठिणगी दुबळी पडते, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर एकाच वेळी चार-पाच सिलिंडरची नावं घेतो. अशा वेळी वाचलेल्या कोडवर विश्वास ठेवू नका. इंजिन चालू झाल्यावर साधारण १४ व्होल्ट दिसले की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहे.

बॅटरी चार्ज होईपर्यंत टॉर्च घेऊन इंजिनभोवती फिरा. कोथरूड, बावधन, बाणेर इथल्या डोंगराकडेच्या सोसायट्यांत पावसात घुशी गाडीत येतात. लेंड्या, कुरतडलेला फोम, वायरवरचे दातांचे ठसे शोधा. नुसत्या वायर बघून थांबू नका, इंजिनच्या हवेच्या रबरी नळ्याही बोटांनी चाचपा. मधे इंजिन असलेल्या गाडीत त्या सीटच्या मागच्या झाकणाखाली असतात, सहज दिसत नाहीत.

मग पेट्रोल. देशात आता पंपावर २० टक्के एथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. ५ जून २०२१ रोजी निव्वळ एथेनॉल विकणाऱ्या पंपांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला तोही पुण्यातच, त्यामुळे हा विषय इथे नवा नाही. एथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की एथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. टाकीतला पंप पेट्रोल उचलतो तेही तळातूनच, म्हणजे इंजिनला पहिला घोट त्या थराचाच मिळतो. पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडा नमुना घ्या आणि स्थिर राहू द्या. खाली वेगळा थर दिसला, किंवा व्हार्निशसारखा आंबूस वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजं ओतून ते सुधारत नाही. हे काम बेसमेंटमध्ये करू नका. मोकळ्या जागेत, बॅटरीची वायर काढून, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवून करा.

इथवर सगळं ठीक निघालं की स्कॅनर लावा. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनरही पुरतो, फक्त त्यावर चालू आकडे दिसायला हवेत. पी ०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही एका सिलिंडरला बांधलेलं नाही. पी ०३०१ ते पी ०३०६ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली नोंद लिहून घ्या: त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, भार किती होता. निम्मा तपास त्या नोंदीत असतो.

एरंडवण्यातल्या एका डॉक्टर मॅडमची लाल, सहा सिलिंडरची गाडी याचं उत्तम उदाहरण आहे. बॅटरी चार्ज केल्यावरही पी ०३०४ परत आला, तोही घाटात रेस दिल्यावर. भार पडला की मिसिंग, आयडलवर (रेस न देता) कमी, हे लक्षण मला कॉइलकडे नेतं, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं अवघड जातं आणि ती कॉइलच्या भेगेतून बाहेर पळते.

सिद्ध करण्याची रीत सोपी आहे. इंजिन गार असताना, इग्निशन बंद करून, चौथ्याची कॉइल पाचव्यावर आणि पाचव्याची चौथ्यावर लावा. बाकी कशालाही हात लावू नका. कोड पुसा आणि त्याच परिस्थितीत गाडी चालवा. कोड ०३०५ झाला तर कॉइल दोषी. ०३०४ राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन वस्तू एकदम हलवल्या तर गाडी बरी होईलही, पण कशामुळे ते कळणार नाही. मॅडमच्या गाडीत कोड पाचव्यावर गेला. कॉइल काढून उजेडात धरली तर प्लास्टिकवर केसाएवढी भेग होती आणि प्लगच्या खोबणीत ओल.

आडव्या सिलिंडरच्या इंजिनात प्लग बाजूने, जवळजवळ खालून काढावे लागतात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. प्लग सैल करण्याआधी खोबणीत हवा मारा, नाहीतर साचलेली माती सिलिंडरमध्ये पडते. अ‍ॅल्युमिनियमचा हेड असतो, म्हणून प्लग हाताने आटे बसेपर्यंत फिरवा आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्याला. काढलेले प्लग नंबराप्रमाणे ओळीत मांडा. कोरडा काळा थर म्हणजे पेट्रोल जास्त, ओला आणि पेट्रोलचा वास असलेला म्हणजे ठिणगी नाही, तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय. इरिडियम प्लगचं टोक तारेच्या ब्रशने घासू नका, ते मोडतं.

नवी कॉइल बसवल्यावर घाटातला त्रास गेला, तरी सकाळी गार इंजिन आयडलवर किंचित लंगडत होतं. अशा वेळी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते. आयडलवर ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कुठूनतरी मोजलेली नसलेली हवा आत शिरते आहे. उलट, भार वाढला की ट्रिमही वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप किंवा चिकटलेले इंजेक्टर. उभ्या गाडीत इंजेक्टरच्या तोंडाशी डिंकासारखा थर बसतो, अल्ट्रासॉनिक मशिनवर ते साफ होतात. मॅडमच्या गाडीचा ट्रिम आयडललाच चढलेला होता. इंजिनला हवा नेणाऱ्या वाटेत, म्हणजे इनटेकमध्ये, मशिनने धूर सोडून पाहिला, तर मागच्या एका नळीतून तो निघाला. नळी कुरतडलेली होती. गरम इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधणारे अजूनही आहेत, पण त्याने आग लागू शकते. धुराचं मशिन असलेल्या गॅरेजकडे जा.

एवढं करूनही एकच सिलिंडर गप्प असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर मामला रिंग किंवा व्हॉल्व्हचा. दोघांतला दोषी ओळखायला सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजण्याची युक्ती उभ्या सिलिंडरच्या इंजिनात चालते. आडव्या इंजिनात ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि आकडा फसवतो. तिथे हवा भरून ती कुठून सुटते ते ऐकायचं: इनटेकमधून, सायलेन्सरमधून की ऑइलच्या झाकणातून.

दुरुस्ती झाल्यावर ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी बॅटरीला मेंटेनर चार्जर कायम लावून ठेवा आणि उभी करण्याआधी टाकी ताज्या पेट्रोलने भरा, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. रोज पाच मिनिटं बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवायची सवय मात्र सोडा. तेवढ्यात ऑइल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि प्लग काळे होतात. त्यापेक्षा पंधरवड्यातून एखाद्या रविवारी, ट्रॅफिक जागा होण्याआधी, पिरंगुटमार्गे मुळशीपर्यंत जाऊन या. पहिली काही मिनिटं हळू, ऑइल तापलं की मग मोकळी सोडा, आणि घरी आल्यावर स्कॅनरवर प्रलंबित कोड आहेत का तेवढं बघून कव्हर घाला, तेही इंजिन गार झाल्यावर.